एका फेरीचा माणूस

१६१८ साली 'एस्पिरितु सान्तो' नावाचं स्पॅनिश जहाज मनिलाहून निघून, सगळा पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराला लागलं. जहाजावर ७५ फिलिपिनो खलाशी होते. परतीची वेळ आली तेव्हा त्यांतले जेमतेम पाच जण जहाजावर चढले. बाकीचे पळून गेले होते. सेबास्तियान दे पिनेदा या अधिकाऱ्याने पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाला पत्र लिहून याची तक्रार केली. पण त्याचं दुखणं निराळंच होतं. हे पळालेले लोक किनाऱ्यावरच्या नारळांची माडी काढून विकतात, मेक्सिकोतली माणसं तीच पितात आणि स्पेनहून येणाऱ्या दारूचा धंदा बसतो, असं त्याचं म्हणणं. माणसं का पळाली, हा प्रश्न त्याला फारसा पडलेला दिसत नाही. मेक्सिकोच्या कोलिमा भागात रस्त्याकडेला आजही 'तुबा' नावाने माडी विकायला असते. ती तिथे नेली ती अशा फिलिपिनो खलाशांनी.

माणसं का पळाली, याचं उत्तर त्याच सुमारास दुसऱ्या एका स्पॅनिश माणसाने लिहून ठेवलं आहे. हेर्नान्दो दे लोस रिओस कोरोनेल हा फिलिपिन्सच्या वसाहतीचा राजदरबारातला प्रतिनिधी. सुधारणांची मागणी करणाऱ्या आपल्या अर्जात तो सांगतो की या बेटांवरचे खलाशी उष्ण हवेतले, त्यांना पुरेसे कपडे दिले जात नाहीत, झोपायला आडोसा नसतो, उघड्या डेकवर पडून राहावं लागतं. जहाज उत्तरेच्या थंड पाण्यात शिरलं की रोज पहाटे त्यांतले तीन-चार जण मेलेले आढळतात. उरलेल्यांना तहान-भूक मारते. मनिला ते आकापुल्को हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा होता. १५६५ साली आंद्रेस दे उर्दानेता याने परतीचे वारे शोधून काढले आणि त्या वाटेवर पुढची अडीचशे वर्षं, १८१५पर्यंत, मेक्सिकोची चांदी आणि चीनचं रेशीम यांची ने-आण चालली. इतिहासाच्या पुस्तकांत या गॅलिअन जहाजांचं वैभव भरभरून येतं. ती जहाजं चालवणाऱ्यांत मोठा भाग फिलिपिनोंचा होता, आणि त्याच कामासाठी त्यांना स्पॅनिश खलाशापेक्षा कितीतरी कमी पगार मिळायचा, हे मात्र एखाद्या ओळीत उरकलं जातं.

जहाजं बांधायचीही यांनीच. कावितेच्या गोदीसाठी गावागावातून वेठीने माणसं धरून आणत, जंगलात पाठवत, लाकूड तोडून ओढायला लावत. १६४९ साली सामार बेटावरच्या माणसांनाही दूरच्या कावितेला पाठवायचा हुकूम निघाला, तेव्हा सुमुरॉय नावाच्या माणसाच्या पुढाकाराने बंड पेटलं आणि आजूबाजूच्या बेटांवर पसरलं. ते चिरडायला स्पॅनिशांना दुसरं वर्ष उजाडलं.

हा जुना इतिहास मी मुद्दाम आधी मांडला. आज जगातल्या कुठल्याही मालवाहू जहाजावर चढा, मेसमध्ये बसलेल्यांत फिलिपिनो चेहरा सापडणारच. त्याची कारणं सांगताना, ही माणसं गोड स्वभावाची, कष्टाळू, बेटांवरची म्हणून समुद्राची सवय असलेली, असं बोललं जातं. हे स्वभाववर्णन खरंही असेल. पण फिलिपिनो खलाशी हा स्वभावाने घडलेला नाही. त्याला धोरणाने घडवलं. त्या धोरणाचा गाभा चारशे वर्षांत बदलला नाही: माणूस एका फेरीपुरता घ्यायचा, पगार त्याच्या जन्मस्थानावरून ठरवायचा आणि फेरीत काय बिघडलं तर त्याची झळ त्यानेच सोसायची.

गॅलिअननंतरचा काळ थोडक्यात सांगता येतो. मनिलात १८२० साली नौकानयनाची शाळा निघाली, तीच आज सरकारी मर्चंट मरीन अकादमी आहे. एकोणिसाव्या शतकात 'मनिलामेन' या नावाने ओळखले जाणारे खलाशी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर, ऑस्ट्रेलियाच्या मोत्यांच्या किनाऱ्यांवर, थेट अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीत वस्ती करून राहिलेले दिसतात. पुढे अमेरिकेचं राज्य आलं. १९०१ साली अमेरिकेच्या नौदलात ५०० फिलिपिनो भरायला अध्यक्ष मॅकिन्ले यांनी मंजुरी दिली आणि नंतरच्या अनेक दशकांत त्यांच्या वाट्याला मुख्यतः वाढप्याचं आणि स्वयंपाक्याचं काम आलं. या राजवटीने एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे शाळेतून शिकवलेली इंग्रजी. तिला पुढे भाव आला.

१९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या, मालवाहतूक घसरली, नवीकोरी टँकर जहाजं रिकामी उभी राहिली. युरोपातल्या जहाजमालकांना खर्च कापायचा होता. जहाजाच्या किमतीला हात लावता येत नाही, इंधनाच्या दरालाही नाही. कापता येतो तो खलाशाचा पगार. मग मालक ग्रीसचा किंवा नॉर्वेचा, पण जहाजाची नोंद पनामात किंवा लायबेरियात, म्हणजे मालकाच्या देशाचे कामगार कायदे लागू नाहीत, अशी सोय आधीपासून होती. तिचा वापर सपाट्याने वाढला. आता स्वस्त माणूस हवा होता. फिलिपिन्समध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारून संपांवर बंदी घातली होती. बेकारी होती, परकीय चलनाची चणचण होती. १ मे १९७४ या दिवशी, कामगार दिन साधून, त्यांनी नवी कामगार संहिता जाहीर केली आणि परदेशी जहाजांवर माणसं पाठवण्यासाठी सरकारी नॅशनल सीमेन बोर्ड स्थापन झालं. १९७५ साली २३ हजारांहून अधिक खलाशी बाहेर पाठवले गेले. २०१९ साली हाच आकडा, क्रूझ जहाजांवरचे धरून, पाच लाखांच्या पुढे गेला होता.

सरकारने खलाशी पाठवले तसा त्याच्या पगारावरही हात ठेवला. मूळ पगारातले ८० टक्के बँकेमार्फत मायदेशी पाठवणं त्याला सक्तीचं आहे. १९८२ साली मार्कोस यांनी अशीच सक्ती जमिनीवरच्या परदेशी कामगारांवर दंडाच्या धाकासह लादली, तेव्हा हाँगकाँगमधल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन आवाज उठवला आणि १९८५ साली ती दंडाची कलमं मागे घ्यावी लागली. खलाशांवरची सक्ती तशीच राहिली. भर समुद्रात विखुरलेली वीस-बावीस माणसं मोर्चा कुठे काढणार?

त्यांनी तोंड उघडलं की काय होत असे, हे 'जन्नू' नावाच्या टँकरच्या खटल्यातून कळतं. मार्च १९७९मध्ये या जहाजाच्या फिलिपिनो खलाशांना मनिलाच्या एजन्सीकडून तार आली: जहाज ऑस्ट्रेलियात जाण्याची शक्यता आहे. ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांची आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाशी, म्हणजे आयटीएफशी, बांधिलकी होती. जहाजावर कमी पगार दिला जातोय असं कळलं तर ते मालाला हात लावत नसत. म्हणून एजन्सीने सुचवलं की आयटीएफच्या दराचे वेगळे करार करून ठेवू, प्रत्यक्षात पगार मात्र जुनाच. खलाशांनी उलट तार केली: अशी सोय करायची तर पगारात ५० टक्के वाढ द्या. एजन्सीने २५ टक्के कबूल केले. आणि लगेच बोर्डाकडे जाऊन या माणसांना घरी पाठवायची परवानगीही मागितली. परवानगी मिळाली. खलाशांना उतरवून मायदेशी आणलं गेलं.

मनिलात त्यांच्यावर करारभंगाचा ठपका आला. ज्या सीमेन बोर्डाने त्यांना पाठवलं होतं, त्यानेच त्यांची बडतर्फी योग्य ठरवली आणि वर निलंबनही केलं. वरच्या कामगार आयोगाने निकाल फिरवला. एजन्सी सर्वोच्च न्यायालयात गेली, १९८२ साली तिथल्या एका पीठाने पुन्हा एजन्सीची बाजू घेतली. अशा मागण्या मान्य केल्या तर परदेशी मालक फिलिपिनोंना कामावरच घेणार नाहीत, असा युक्तिवाद होता. शेवटी १९८३ साली पूर्ण पीठाने तो निकाल रद्द करून खलाशांना न्याय दिला: पगारवाढ मागणं हा गुन्हा नाही. साडेचार वर्षं लागली. मला या निकालाचं मोल फार वाटतं, कारण तो लष्करी कायद्याच्या सावलीतल्या न्यायालयाने दिला. आणि तरीही त्यानंतर आयटीएफच्या निरीक्षकाशी बोलल्यामुळे काळ्या यादीत गेल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. यादी कुणी दाखवत नाही. नुसतं पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

बोलावणं येण्याआधीचं आयुष्य मनिलाच्या लुनेता बागेलगत, कालाव रस्त्यावर दिसतं. वर्षानुवर्षं तिथे खलाशांचा उघडा बाजार भरतो. एजन्सीचे लोक हवे असलेल्या हुद्द्यांचे फलक धरून उभे: एबी म्हणजे अनुभवी खलाशी, ऑइलर, फिटर, चीफ कुक. समोर प्लास्टिकच्या फायलीत प्रशस्तिपत्रं घेतलेली माणसं, इलोइलोहून, सेबूहून, बोहोलहून आलेली. मुंबईत धोबी तलावच्या कुडींमध्ये आपली पेटी ठेवून जहाजाची वाट पाहणारे गोव्याचे तारवटी आपल्याकडे होऊन गेले. पण त्यांना निदान गावाने भाड्याने घेतलेलं छप्पर होतं. लुनेतात नव्याने आलेल्या पोरांचं नशीब आणखी अवघड. नौकानयनाचा वर्गातला अभ्यास संपलेला असतो, पण पहिल्या जहाजाशिवाय परवाना मिळत नाही, आणि पहिलं जहाज मिळावं म्हणून ही पोरं एजन्सीत 'युटिलिटी' म्हणून राबतात. चहा आणणं, कागद पोचवणं, साहेबाची गाडी धुणं, त्यांच्या घरची फरशी पुसणं. पगार नाही किंवा नावाला. काही महिने, कधी वर्षांवर वर्षं. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. श्रम घेतले की त्याची पावती लागत नाही.

जहाज मिळालं की करार साधारण नऊ महिन्यांचा. पूर्वी वर्षाचा सर्रास असे. मालवाहू जहाजावरच्या डेकवरच्या माणसाचा दिवस दोन भागांत वाटलेला असतो: चार तास पहारा, आठ तास मोकळे, पुन्हा चार तास पहारा. हे कागदावर. मोकळ्या आठ तासांत ओव्हरटाइम येतो, आणि त्याची गरज खलाशालाही असते, कारण आंतरराष्ट्रीय किमान दराप्रमाणे २०२५ साली अनुभवी खलाशाचा मूळ पगार महिन्याला ६७३ डॉलर होता. काम म्हणजे मुख्यतः गंजाशी झुंज. खारं पाणी लोखंड खात असतं. खलाशी हातोडीने आणि यंत्राने पापुद्रे उडवतो, प्रायमर लावतो, रंग देतो, तोवर टोकाकडून पुन्हा सुरुवात. कानात तो आवाज रात्रीही राहतो. कोळसा उतरवून पुढच्या बंदरात धान्य भरायचं असेल तर वाटेतच जहाजाची कोठारं धुवायची. पाच-सहा मजली खोल लोखंडी विहीर, शिडीवर लटकून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तिच्या भिंती साफ करायच्या, आणि तेही डोलणाऱ्या जहाजात. काही मालामुळे बंद कोठारातला प्राणवायू संपतो. लाकडाचे ओंडके, लोखंडाचा कीस असा निरुपद्रवी दिसणारा माल. खाली उतरलेला माणूस कोसळतो, त्याला उचलायला दुसरा धावतो आणि तोही परत येत नाही. खाली इंजिनखोलीत उन्हाळी समुद्रात पारा चाळिशीच्या वर असतो. बंदराला लागताना ताणलेला दोरखंड तुटला तर तो चाबकासारखा येतो आणि माणसाचे पाय घेऊन जातो.

समुद्रावरचं हे काम जुन्यांनीही केलं. पण त्यांना बंदर मिळायचं. पोती आणि पेट्या हाताने चढ-उतार व्हायच्या त्या काळात जहाज आठवडा आठवडा धक्क्याला असे, गावात फिरता येई. १९५६नंतर कंटेनर आले आणि तोच मुक्काम काही तासांवर आला. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर, १ जुलै २००४पासून बंदर-सुरक्षेचे नवे नियम लागू झाले, अमेरिकेत व्हिसाशिवाय जमिनीवर पाऊल टाकणं बंद झालं. आता एखादा खलाशी जगातली चाळीस बंदरं 'पाहून' येतो ती क्रेनच्या दिव्यांपुरती. ख्रिस्ती मिशनांच्या छोट्या गाड्या गेटपाशी उभ्या असतात, त्या दोन तासांसाठी बाहेर नेतात. तिथे साबण, सिमकार्ड, आणि घरी फोन.

जहाजावर घर सांभाळलं जातं ते भातावर. तीन वेळा भात हवा. कप्तान ग्रीक असो, कोरियन असो की आपल्या मुंबईचा, स्वयंपाकी फिलिपिनो असेल तर अडोबो आणि चिंचेचं आंबट सिनिगांग होणारच. रविवारी प्रार्थना, शनिवारी रात्री कॅराओके. सत्तर-ऐंशीच्या दशकात बायका कॅसेटवर आपला आवाज भरून पाठवत, नवरा ती बंकवर पडून झिजेस्तोवर ऐकत असे. आता व्हिडिओ कॉल आहे, तर घरची प्रत्येक अडचण तत्क्षणी जहाजावर पोचते आणि करता काहीच येत नाही. घरी दर महिन्याला जाणाऱ्या रकमेला 'अलॉटमेंट' म्हणतात. तिच्यावर भावंडांची शिक्षणं, आईचं औषध, सिमेंटचं घर. ती उशिरा आली की पाचाला सहा परत करायच्या बोलीवर कर्ज काढायचं. हे सावकार बहुतेक पंजाबी, पण फिलिपिनो लोक त्यांना 'बुंबाय' म्हणतात, मुंबईवरून. आपल्या शहराचं नाव तिथल्या गरीब घरांत असं पोचलेलं आहे.

करार संपला की खलाशी बेकार होतो. सुट्टीवर जात नाही, बेकार होतो. पुढच्या कराराला पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा सही. १९६८-६९पासून एका अमेरिकी तेल कंपनीच्या जहाजांवर वीस वर्षं सलग करारांनी राबून चीफ इंजिनियरपर्यंत चढलेले दोघे निवृत्तीचे लाभ मागायला गेले, तर त्यांची नावंच कंपनीच्या यादीतून काढण्यात आली. २००० सालच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे कायम कामगार आहेत. जहाज कंपन्या आणि एजन्सींनी गहजब केला. २००२ साली त्याच न्यायालयाने आपला निकाल बदलला: खलाशी हा कराराचाच माणूस, कितीही वर्षं नोकरी केली तरी कायम होत नाही. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. वीस वर्षं एकाच मालकाचं इंजिन सांभाळणारा माणूस वीस वेळा नवखा कसा ठरतो?

समुद्र त्याला कधी कधी परत देत नाही, त्याचंही कारण पुष्कळदा जमिनीवर असतं. २ जानेवारी २०१५ रोजी 'बल्क ज्युपिटर' हे बहामाच्या झेंड्याचं जहाज व्हिएतनामजवळ बुडालं. मलेशियाच्या क्वांतान बंदरातून ४६,४०० टन बॉक्साइट घेऊन ते चीनकडे निघालं होतं. माल भरताना धो धो पाऊस पडत होता, मातीतलं पाणी मर्यादेच्या दुपटीच्याही वर गेलं होतं. असा ओला माल लाटांच्या हादऱ्यांनी कोठारात पातळ होऊन एका बाजूला वाहतो आणि जहाज पाहता पाहता कलतं. १९ खलाशी होते, सगळे फिलिपिनो. चीफ कुक तेवढा वाचला. बॉक्साइटच्या या धोक्याचा इशारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने काढला तो या अठरा मृत्यूंनंतर. पुढच्याच काही वर्षांत 'स्टेलर डेझी' गेलं, २४ पैकी २२ जणांसह. मग गुरं वाहून नेणारं 'गल्फ लाइव्हस्टॉक १', ४३ पैकी ४१ जणांसह. दोन्हींवर बहुसंख्य फिलिपिनो.

२०२०च्या साथीत जगभरात चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले. सरकारांनी माल उतरवून घेतला, माणसांना उतरू दिलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये येमेनमधल्या हूती बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवलं, त्यावरच्या १७ फिलिपिनोंची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. ६ मार्च २०२४ला 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र पडून तिघे ठार झाले, त्यांत दोन फिलिपिनो. होरपळलेल्यांसह २१ जणांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने उचललं. अशा धोक्याच्या पाण्यात जायला नकार देण्याचा हक्क फिलिपिनो खलाशाला आहे. पण नकार देणाऱ्याला पुढचा करार देणं कुणावर बंधनकारक नाही, आणि घरचं कर्ज थांबत नाही.

खलाशांच्या पैशांतून दर वर्षी सहा अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम फिलिपिन्सला मिळते. सरकार त्यांना नवे वीर म्हणतं. २३ सप्टेंबर २०२४ रोजी, जुन्या मार्कोस यांचे पुत्र असलेल्या अध्यक्षांनी खलाशांच्या हक्कांच्या सनदेवर सही केली. शिकाऊ पोरांचं शोषण थांबवणं, करार, विश्रांती, औषधोपचार अशा कितीतरी चांगल्या गोष्टी तिच्यात आहेत. पण त्याच कायद्यात मालकवर्गाच्या आग्रहाने एक कलम बसवलं गेलं. आजारी किंवा अपंग होऊन परतलेला खलाशी भरपाईचा खटला जिंकला आणि कंपनी वर अपिलात गेली, तर वादातली रक्कम हाती घेण्यासाठी त्यानेच आधी तारण भरायचं. याआधी असं तारण लागत नव्हतं. खलाशांच्या संघटना या कलमाविरुद्ध लढत आहेत आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पाठीचा कणा मोडून घरी बसलेल्या माणसाने स्वतःच्याच भरपाईसाठी तारण कुठून आणायचं? हे कलम रद्द झालंच पाहिजे.